बसल्या जागचा गाडा

संपतला कुणी मिस्त्री म्हटलं की तो मनातून फुगायचा, आणि वायरमन म्हटलं की त्या माणसाची मोटर दोन दिवस पोत्याखाली तशीच पडून राहायची. घोडेगावात स्टँडच्या मागच्या बोळात त्याचं रिवायंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं शेडच ते. दाराशी जळक्या तारांचा ढीग आणि आत वॉर्निशचा असा वास, की गिऱ्हाईक बोलायचं ते नाकाला रुमाल लावून. एक्क्याण्णव साली त्याने ते थाटलं तेव्हा त्याचं मिसरूडही नीट राठ झालं नव्हतं, पण तांब्याची तार बोटांत अशी बसायची की वेटोळी मोजायची त्याला गरज पडत नसे. शिनोलीपासून खाली मंचरच्या रस्त्यापर्यंत विहिरींवर ज्या मोटरी चालायच्या, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात संपतचं तांबं होतं. पोराच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे, आणि संपत ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. ऐकलेलं असायचं.

त्याच्या हाताची एक खोड मात्र आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. शेतीच्या लाईटीला तेव्हा काही वेळकाळ नव्हता. लाईट गेली की मोटरीचा स्टार्टर आपोआप पडतो, आणि परत आली तरी कुणीतरी विहिरीवर जाऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. म्हणून स्टार्टरला जोडायची एक तळहाताएवढी डबी मिळते. तिला सगळे ऑटो म्हणतात. लाईट आली की ती टिक करते आणि मोटर माणसावाचून सुरू होते. संपत प्रत्येक स्टार्टरला ऑटो जोडायचा. गिऱ्हाईकाने सांगो न सांगो, स्टार्टरचं झाकण उघडलं की त्याचा हात आपसूक त्या डबीकडे जायचा. आपल्या मोटरीला माणूस लागत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. हे वाक्य त्याला फार आवडायचं. पुढे ते आठवलं की त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या बहिणीचं, उज्ज्वलाचं लग्न त्यानेच जमवलं. स्थळ येडगावचं, धरणाच्या कडेला शेती, आणि मुलगा सुदर्शन भोसरीला कारखान्यात फिटर. त्या कारखान्यातली यंत्रं हवेवर चालायची. नळ्यांतून दाबलेली हवा यायची आणि लोखंडी दांडे आतबाहेर व्हायचे. सुदर्शन हे सांगायला लागला की लोक कान देऊन ऐकायचे. जावई शिकलेला आहे याचा संपतला अभिमान होता. पण त्याच्याच ओसरीवर बसून लोकांनी त्याच्याऐवजी पाहुण्याला विचारावं, हे काही त्याला गोड लागत नव्हतं. सुदर्शन मात्र मऊ माणूस. मेव्हण्याला तो संपतराव म्हणायचा आणि त्याच्या दुकानात आला की स्टुलावर न बसता उभाच राहायचा.

गाड्याचं खूळ निघालं ते गेणभाऊंमुळे. गेणभाऊ म्हणजे एकेकाळचे नावाजलेले गाडामालक. त्यांच्या बैलांनी शर्यतीच्या घाटाघाटांत पहिलं येऊन निशाण पाडलं होतं. पण आपल्याकडच्या शर्यतीत गाडा पळतो तो रिकामा. पुढे घोडीवरचा स्वार, मागे चार बैल, आणि गाड्यात कुणी नाही. जुंपणी झाली, बैल सुटले, की माणसाने बाजूला व्हायचं आणि टोपी उडवायची. सत्तरी उलटल्यावर, गुडघे गेल्यावर गेणभाऊंना एकच हुरहूर लागून राहिली होती. ते पारावर बसून म्हणायचे, की जन्मभर गाडा पळवला, पण पळत्या गाड्यात बसल्यावर कसं वाटतं ते काही कळलं नाही. लोक हसायचे. संपत हसला नाही, कारण त्याच सुमारास, दोन हजार दोन साली, तो सुदर्शनबरोबर पुण्याला एक प्रदर्शन बघून आला होता. तिथे एक खोकं होतं. आत खुर्च्या, समोर पडदा, पडद्यावर डोंगरातून पळणारी मोटारगाडी, आणि ती वळली की खुर्च्याही तशाच कलायच्या. माणूस जागचा हलत नव्हता आणि पोटात मात्र गोळा यायचा. संपत त्यात तीनदा बसला. तिसऱ्यांदा त्याने पडद्याकडे बघितलंच नाही, वाकून खुर्चीखाली काय आहे ते बघत राहिला.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. गावच्या चैत्रातल्या यात्रेत आपण बसल्या जागचा गाडा करायचा. घोडेगावच्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाला त्याने जीपच्या टपावर बसवलं आणि सरावाच्या वेळी पळणाऱ्या बैलांमागे जीप घालून घाटाचं चित्रण करून घेतलं. समोर टीव्ही ठेवायचा, मागे गाड्याची बैठक, आणि पडद्यावर बैल उसळले की बैठक उसळली पाहिजे. प्रश्न एवढाच राहिला, की बैठक उसळवायची कशावर?

संक्रांतीला उज्ज्वला आणि सुदर्शन आले होते तेव्हा ओसरीवर त्याची पंचायत बसली. सुदर्शनने फरशीवर खडूने दोन नळकांडी काढली. म्हणाला, बैठकीच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली हवेचे दोन सिलिंडर लावू, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणू, झडप उघडली की कोपरा वर, सोडली की खाली. संपतचं म्हणणं, दोन मोटरी, त्यांना गिअरबॉक्स, पुढे दांडा. दांडा फिरला की कोपरा वरखाली होणार. मोटर दाबते तेवढीच दाबते आणि उचलते तेवढीच उचलते. हवेचा काय भरवसा?

नुसतं बोलून थांबला असता तर तो सुदर्शन कसला. पुढच्या सुट्टीला तो भोसरीहून पिशवीत घालून एक जुना सिलिंडर घेऊन आला. चार माणसं जमली. फळीवर बटाट्याचं पोतं ठेवलं, हवा सोडली, आणि पोतं असं अलगद वर आलं की गेणभाऊंनी आ वासला. मध्येच थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा मात्र ते जरा डुललं, आणि टाकी भरायला कॉम्प्रेसर बराच वेळ भकभकत राहिला. पण पोतं वर आलं होतं, ते खरं होतं. संपतला ते दिसलं. आपल्या गाड्याचं काम त्यावर बेतता आलं असतं हेही त्याला कळलं. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की सगळे सुदर्शनकडे बघताहेत.

"फुग्यावर बैल पळवायचे का दाजी?" तो म्हणाला.

लोक खो खो हसले. सुदर्शनही हसला, मग त्याने सिलिंडर फडक्याने पुसून पिशवीत ठेवला. जाताना तेवढं म्हणाला, "मोटरीत ताकद हाय, मान्य. पण मधीच लाईट गेली आन माणूस वर अडकला, तर हवा सोडली की त्यो हळू खाली येतो. मोटरीचं काय करशाल?"

"मोटरीचा पट्टा हातानं फिरवू, त्यात काय," संपत म्हणाला.

ही निवड त्याने का केली हे त्याने पुढे अनेकांना अनेक तऱ्हांनी सांगितलं. हवा गळते, हवेला आवाज फार, हवा मध्यावर थांबत नाही. सगळं खरं होतं. पण ज्या रात्री झोप येत नाही त्या रात्री माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही, आणि संपतला ठाऊक होतं की त्याने मोटर निवडली ती गावाने 'पाहुण्याच्या हवेवर चालतंय' असं म्हणू नये म्हणून.

पुढचे दोन महिने त्याने दुकानात गिऱ्हाईकाची एकही मोटर वेळेवर दिली नाही. जुन्या जीपचा सांधा काढून बैठकीच्या मधोमध बसवला, म्हणजे ती चारी बाजूंना कलेल. भंगारातून दोन गिअरबॉक्स आणले, मोटरीपासून त्यांच्यावर पट्टे चढवले. बैठक म्हणजे खऱ्या गाड्याचीच, गेणभाऊंच्या गोठ्यातली. यात्रेच्या आदल्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं, स्टार्टरची पेटी. संपत ती जोडत होता आणि आईशी, कुशाबाईशी बोलत होता. नैवेद्याला कोण कोण येणार, मंडपाच्या तारा कुठून ओढल्या, असलंच काहीतरी. बोलता बोलता त्याने झाकण उघडलं, तारा सोलल्या, आणि हात आपसूक त्या डबीकडे गेला. ऑटो जोडला गेला. यात पाणी उपसायचं नाही, यात माणूस बसणार आहे, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. बारा वर्षं जे हात करत आले ते त्यांनी केलं. झाकण लावून त्याने वर हळदीकुंकवाची बोटंही ओढली.

यात्रेत घाटाच्या पायथ्याशी मंडप टाकला होता. वर खऱ्या गाड्यांच्या बाऱ्या चालू, लाऊडस्पीकर कोकलतोय, भंडारा उडतोय, आणि खाली संपतच्या गाड्याला रांग लागलेली. पहिल्या दहाबारा जणांनी उतरून शेजाऱ्याला मिठ्या मारल्या. एक जण उतरताना पडला आणि तरी हसत होता. आपल्या आयुष्यात याहून मोठं काही व्हायचं नाही, असं संपतला वाटलं. ते त्याने उज्ज्वलाला बोलूनही दाखवलं. ती तीन वर्षांच्या आरोहीला कडेवर घेऊन उभी होती आणि भावाकडे असं बघत होती की बघणाऱ्याने दृष्ट काढावी.

मग गेणभाऊंना दोघांनी उचलून बैठकीवर बसवलं, कमरेला उपरणं बांधलं. पडद्यावर बैल सुटले. बैठक मागे कलली, उसळली, डावीकडे गेली. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले आणि बैलांची नावं घेऊन हाका मारायला लागला. ते बैल मरून वीस वर्षं झाली होती. तेवढ्यात लाईट गेली.

पडदा काळा झाला, लाऊडस्पीकर बंद पडला, आणि गेणभाऊ मागे कललेले, पाय वर, तसेच अडकले. गिअरबॉक्स मागे फिरत नाही, त्यामुळे बैठक जिथे होती तिथेच लोखंडासारखी थांबली होती. लोक हसायला लागले. पण म्हाताऱ्याच्या मानेला रग लागायला लागली, तसा सुदर्शन पुढे झाला. त्याने पट्ट्यावरची जाळी काढली, खाली वाकला, आणि हात घालायच्या आधी मान वर करून विचारलं, "संपतराव, बंद हाय ना?"

स्टार्टर पडलाय, म्हणजे बंदच आहे. संपत पेटीपासून दोन पावलांवर होता. मेनचा खटका खाली ओढायला लागला असता एक क्षण. पण लोक बघत होते, म्हातारा वर लटकलेला होता, आणि आत्ता खटका ओढायला धावलो तर यंत्रात काहीतरी बिघडलंय असं दिसलं असतं.

"बंद हाय. घाला हात," तो म्हणाला.

सुदर्शनने पट्टा धरून चाक फिरवायला सुरुवात केली. बैठक एकेक बोट खाली यायला लागली. तीनचार वेढे झाले असतील. लाईट आली. वर घाटातून लोकांचा ओरडा उठला, लाऊडस्पीकर मधल्याच शब्दापासून सुरू झाला, आणि त्या सगळ्या गोंगाटात पेटीतून टिक असा आवाज आला. तो संपतला ऐकू आला. बारा वर्षं रोज ऐकलेला आवाज, तो त्याला मेल्यावरही ऐकू आला असता. त्याने झेप घेऊन खटका ओढला, पण पट्ट्याने सुदर्शनचा उजवा हात चाकाखाली ओढून नेला होता.

मंचरच्या एका दवाखान्यात मधली दोन बोटं काढावी लागली. सुदर्शनला आतून बाहेर आणल्यावर नातेवाईक खाटेभोवती जमले आणि कुणीतरी विचारलं की हे झालं कसं? संपत पायाशी उभा होता. त्याने तोंड उघडलं होतं, हे त्याला आजही शपथेवर सांगता येईल. पण सुदर्शन आधी बोलला. म्हणाला, "माझीच चूक. घाई केली. न इचारताच हात घातला." बोलताना त्याने संपतकडे बघितलं नाही. तो उज्ज्वलाकडे बघत होता.

संपतने उघडलेलं तोंड मिटलं. आता नको, तो शुद्धीवर नीट आला की सांगू, असं त्याने मनाला समजावलं. इथवर माणसाला माफ करता येईल. पण त्याच दुपारी तो मोटरसायकलवर एकटा गावात परत आला, मंडपात कुणी नाही असं बघून पेटी उघडली, ऑटोची डबी काढून खिशात घातली, आणि सुटलेल्या तारा इतक्या सफाईने बांधून टाकल्या की तिथे कधी काही होतं असं कुणाला वाटलं नसतं. हाताला गुण होता ना. संध्याकाळी यात्रेचे पंच बघायला आले. पेटी बघितली, मोटर बघितली, आणि एक जण म्हणाला की यंत्रात खोट नाही, पाहुण्यानेच घाई केली. संपतने मान हलवली. हो म्हणाला नाही, नुसती मान हलवली. पुढची पाच वर्षं तो स्वतःला सांगत राहिला की आपण खोटं काही बोललो नाही.

यंत्र त्याने भंगारात काढलं. ऑटो जोडणंही बंद केलं. गिऱ्हाईक कुरकुरायचं, मग मंचरला दुसऱ्याकडे जायचं. संपतचं मन यात्रेच्या गोष्टीने विटलं, असं लोक समजले आणि त्याची कीव करायला लागले. ती कीव त्याला शिवीपेक्षा झोंबायची. ती डबी मात्र दुकानाच्या खणात राहिली. कितीदा ती फेकायला तो नदीपर्यंत गेला आणि परत घेऊन आला.

एकदा गेणभाऊंच्या घरी पंखा दुरुस्त करायला गेला होता. म्हातारा खाटेवर पडून छताकडे बघत होता. संपत जायला निघाला तेव्हा ते म्हणाले, "संपत, गाड्यात वर बसल्याव खालचं लई ऐकू येतं बरं का." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या आळीने जाणं सोडलं. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गेणभाऊ गेले. तिरडीला खांदा देताना संपतला जे वाटलं ते दुःख नव्हतं, सुटका होती, आणि तसं वाटतंय हे कळल्यावर खांद्यावरचं ओझं त्याला दुप्पट झालं.

तिकडे भोसरीच्या कारखान्याने सुदर्शनला काही दिवस स्टोअरमध्ये बसवलं, मग घरी पाठवलं. तो येडगावला शेती बघायला लागला. पाना त्याच्या हातातून निसटायचा, भाकरीचा तुकडाही कधी कधी निसटायचा, आणि उज्ज्वलाच्या जिभेला धार आली. ती वाईट नव्हती. संसार एका दिवसात उलटा झाला आणि त्याला कारण एका माणसाची घाई, असं तिला पक्कं माहीत होतं. शर्टाचं बटण लावून देताना ती म्हणायची, कुणी सांगितलं व्हतं हात घालायला? सुदर्शन म्हणायचा, चुकलं.

दर भाऊबीजेला संपत येडगावला जायचा. पाटावर बसायचा, डोक्यावर टोपी, समोर निरांजन. खिशात ती डबी असायची. या वर्षी सांगायचं, असं ठरवून तो घोडेगावातून निघायचा, आणि बहिणीने कपाळाला कुंकू लावलं की पुढच्या वर्षावर ढकलायचा. ज्या हाताने ती ओवाळायची, त्याच हाताने तिने नवऱ्याला घास भरवलेला आहे, हे त्याला ठाऊक होतं. ओवाळणी ताटात टाकून तो जेवायलाही थांबायचा नाही. बिचाऱ्याला दुकान आहे, असं ती म्हणायची.

दोन हजार आठची भाऊबीज. आरोही आठ वर्षांची झाली होती. तिने पाटाभोवती रांगोळी काढली आणि बापाला हाक मारून सांगितलं की तांब्या आणा. सुदर्शन तांब्या घेऊन आला, तो नेमका हातातून निसटला आणि पाणी रांगोळीवर सांडलं. पोरगी कमरेवर हात ठेवून हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुमाला कुणी सांगितलं व्हतं हात घालायला?"

सुदर्शन हसला आणि चुकलं म्हणाला. लेकीलाही तो चुकलं म्हणाला. उज्ज्वलाने आरोहीला दटावलं, पण तिलाही हसू आलं होतं. मग ती ताट घेऊन भावासमोर बसली, वात पेटवली आणि हलक्या आवाजात बोलायला लागली. बरीच वर्षं मनात आहे, आज सांगते, म्हणाली. "दादा, यांच्या एका घाईपायी तुझं यंत्र गेलं, तुझं नाव गेलं. तू आमाला कधी एक शब्द बोलला न्हाईस. आमी तुझे गुन्हेगार हौत. माफ कर."

संपतला वाटलं, पाटाखालची जमीन आपल्याला घेईल तर बरं. ती घेत नाही.

त्याने खिशातून डबी काढली आणि पाटाशेजारी फरशीवर ठेवली. त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "उज्ज्वला, यांनी इचारलं व्हतं," तो म्हणाला. "बंद हाय ना, म्हणून इचारलं व्हतं. मी म्हणलो, घाला हात. आन ह्यो ऑटो मी जोडला व्हता. त्याच दिवशी काढून लपावला."

सुदर्शन दारातून म्हणाला, "संपतराव, सणाचं नगं."

पण उज्ज्वला आता भावाकडे बघतच नव्हती. तिने ताट खाली ठेवलं होतं. "तुमी इचारलं व्हतं?" तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हय."

"मंग पाच वरसं मला का बोलू दिलं?"

सुदर्शन ओल्या रांगोळीकडे बघत राहिला. "तुझं म्हायार म्हंजी एक आई आन एक भाऊ," तो म्हणाला. "ते दार बंद करून माझी बोटं का परत येणार व्हती? टिक म्या बी ऐकली व्हती. शेतकऱ्याचंच पोर हाय मी."

पाच वर्षं संपत असं धरून चालला होता की दुखण्याच्या भरात याला काही आठवत नसेल. याला सगळं ठाऊक होतं. दर भाऊबीजेला तो दारात उभा राहून बायकोच्या हातून संपतला ओवाळलेलं बघत होता. संपतने मान खाली घातली ती वर काढवेना.

उज्ज्वला उठली. नवऱ्याजवळ गेली आणि खाली बसून त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, भावासमोर, लेकीसमोर, आमच्याकडे बायका तसं कधी करत नाहीत. नुसती त्या तीन बोटांवरून हात फिरवत होती. आरोहीला काय समजलं ते देव जाणे, तीही जाऊन बापाच्या पाठीला चिकटून उभी राहिली. निरांजनातलं तेल सरत आलं होतं. वात फडफडली आणि विझली.

आता इथे आपलं काय काम, असं वाटून संपत उठायला लागला.

"उठू नको," उज्ज्वला म्हणाली. तिने मान वळवली नव्हती. "वात बदलून आणते."

पण ती उठली नाही. नवऱ्याचा हात तिने तसाच धरून ठेवला होता. कपाळाला कुंकू नाही, डोक्यावर टोपी, समोर विझलेलं निरांजन, असा संपत पाटावर बसून राहिला, ती कधी उठते याची वाट बघत.